गादीवाले जब्बारभाई आणि आपली हरणारी टीम

आज सकाळी मी एका मेलेल्या माणसाला व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ॲड केलं.

मला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं.

ॲड करून वर चेष्टाही केली. "या महाराज! उतरला का राग?"
दर्यापूरच्या मंगेशने लगेच लिहिलं, "संन्यास संपला वाटते!"
खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

मग त्याच नंबरवरून उत्तर आलं.
"ताई, मी सना. अब्बा पहाटे गेले."

मंगेशला वाटलं, जब्बारभाईच मस्करी करतायत. त्याने अजून एक हसरा चेहरा टाकला. मग डिलीट केला.


मी ऑफिसात होते. फोन लावला तर पलीकडे पोरगी रडत होती. म्हणाली, अब्बा नमाज पढून आले, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत बसल्या जागी संपलं सगळं.
मी दोनदा विचारलं, "कोण? तुझे अब्बा? नक्की?"
काहीही विचारतो माणूस अशा वेळी.

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. जब्बारभाईंचं अकोल्यात गादीचं दुकान. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, आणि भारताची फुटबॉल मॅच असली की सगळं सोडून मोबाईलसमोर बसायचं.
हो, फुटबॉल. तेही आपल्या टीमचं. आपल्याकडे क्रिकेट सोडून दुसरं काही बघणाऱ्या माणसाला लोक तब्येत विचारतात.

मी भावाच्या लग्नाच्या गाद्या न्यायला गेले होते, तेव्हाची ओळख.
"गाद्या आज नाई भेटत, ताई."
"काहून?"
"मॅच चालू हाये. हा डिफेन्स पाहा न! माह्या गादीत याच्याहून जास्त दम हाये!"

मी कॉलेजात असताना खेळलेली. मी म्हटलं, "डिफेन्स ठीक आहे हो, मिडफिल्ड झोपलंय."
त्यांनी हातातली गादी सरकवली आणि मला बसायला जागा केली.
गाद्या दुसऱ्या दिवशी मिळाल्या. भाऊ आजही बोलून दाखवतो.

पुढे आम्हा पंधरा-वीस वेड्यांचा ग्रुप झाला. अमरावती, अकोला, दर्यापूर. नाव त्यांनीच ठेवलं, "शेवटची मॅच". कारण प्रत्येक मॅच त्यांची शेवटचीच असायची.

टीम हरायची. आणि आपली टीम काय, हरायचीच.
गोलसमोर बॉल आला की मागे पास. कोच बदलला तरी मागे पास.
जब्बारभाई खच्चून शिव्या घालायचे, "आता मेलो तरी पाहत नाई" लिहायचे आणि ग्रुप सोडून जायचे.

दोन दिवसांनी मी त्यांना परत घ्यायचे. हा नियमही त्यांचाच.
"मले लगेच नका घेत जाऊ, ताई. मी लय घाण बोलतो. दोन दिवस थंड होऊ द्या."

पण बाहेरच्या कोणी टीमला नावं ठेवली तर खैर नाही. दुकानात एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "एवढ्या मोठ्या देशात अकरा खेळणारे भेटत नाहीत का?"
जब्बारभाई उसळले. "तुमी किती मॅचा पाहिल्या? शिव्या द्याचा हक्क त्याले, जो पूरे नव्वद मिनिट बसते!"
गिऱ्हाईक उशी न घेताच गेलं.

परवाची मॅच तर विचारू नका. समोरचा देश एवढासा की नकाशात शोधावा लागेल. शेवटच्या मिनिटाला गोल खाल्ला.
जब्बारभाईंनी लिहिलं, "दर्यापूर तालुक्यापेक्षा लहान देशानं हरवलं. बस. आता खरंच बस."
आणि गेले ग्रुप सोडून.
आम्ही हसलो. नेहमीचंच होतं.

आज दुपारी मी अकोल्याला पोहोचले. घरात बायकांमध्ये बसले. मला अजून खरं वाटत नव्हतं. सारखं वाटत होतं की आतून येतील आणि मिडफिल्डवरून भांडण काढतील.

सना शेजारी येऊन बसली.
"काल पूरी मॅच परत पाहिली त्यायनं. मी म्हटलं, अब्बा, हरलेली मॅच कोणी परत पाहते का? तर म्हणे, पाहू दे. दुसऱ्या हाफमध्ये पोरं चांगले खेळून राहिले होते. म्हणे, उद्या ताई मले ग्रुपमध्ये घेतील, मंग सांगतो सगळ्यायले."


इतक्या वर्षांत त्या माणसाने या टीमबद्दल एक चांगला शब्द काढला नव्हता. पहिल्यांदा काढला, तो आमच्यापर्यंत आलाच नाही.

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. पुन्हा वाजला. आमच्याच ग्रुपवर श्रद्धांजलीचे मेसेज येत होते. प्रत्येक वेळी त्यांची बायको दचकून मोबाईलकडे बघायची.

सना हळूच म्हणाली, "अम्मीले सहन नाई होऊन राहिलं. अब्बाले ग्रुपमधून काढून टाका न, ताई."

मोबाईल बंदही करता आला असता. पण त्यावर गावोगावच्या नातेवाइकांचे फोन येत होते. आणि पोरीने मागितलं होतं.

इतक्या वर्षांत मी त्यांना फक्त आत घेतलं होतं. काढायची वेळ कधी आली नाही, ते आपले आपणच जायचे.
नावावर बोट ठेवलं. तिथेच, सगळ्या बायकांसमोर, हमसून हमसून रडले.

मग काढलं.
ग्रुपवर ओळ आली, "तुम्ही जब्बारभाई अकोला यांना काढून टाकले."

मेसेज वाजायचे थांबले.

मित्रांनो, दुसऱ्या हाफमध्ये पोरं चांगली खेळली. जब्बारभाईंनी सांगितलंय.

जब्बारभाई, या वेळी राग नव्हता हो तुमचा. तुम्ही तर परत यायला निघाला होतात.
आता दोन दिवसांनी मी कोणाला ॲड करू?

खुदा हाफिज. पूर्ण ग्रुपकडून सलाम.