कानबाईच्या मिरवणुकीत बंद पडलेली गाडी

यांना पक्षाघात झाला आणि माझी श्रद्धा डळमळली, हे आधीच सांगते. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते, नारळाच्या रूपात पूजतात ती देवी. त्या वर्षी मी ती बसवली नाही. जिच्यापुढे इतकी वर्षं हात जोडले, तिनं हे का होऊ दिलं, हाच प्रश्न मनात घोळत होता.

त्यात गाडीचं दुखणं. यांची जुनी गाडी, तिची सगळी दुरुस्ती हे स्वतःच करायचे. आता मी कशीबशी चालवायला शिकले होते, कारण भडगावहून जळगावला यांना व्यायामोपचारासाठी न्यावं लागे. पण बॅटरी चार्जच होत नव्हती. मेकॅनिकनं बॅटरी बदलली, मग अल्टरनेटर, मग बेल्ट. चार दिवस बरे जायचे, की समोरचा लाल दिवा पुन्हा लागायचा. गाडी रस्त्यात बंद पडली तर यांना घेऊन मी काय करणार, ही धास्ती सतत असे.

आणि तसंच झालं. कानबाईच्या विसर्जनाचा सोमवार होता. वाटेतल्या एका गावात मिरवणूक नदीकडे निघाली होती. डोक्यावर कानबाई घेतलेल्या बाया, ढोल, फुगड्या. मी गाडी कडेला थांबवली आणि इंजिन बंद पडलं. किल्ली फिरवली तर नुसतं टक्‌ टक्‌. पुन्हा फिरवली. मग मात्र मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

कानबाई डोक्यावर घेतलेली एक म्हातारी खिडकीशी थांबली. "काबरं घाबरी ऱ्हायनी व माय?" ती म्हणाली. "आते बठ्ठं नीट व्हई." आता सगळं नीट होईल म्हणे. सोबतच्या बाईनं माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं. मी ज्या देवीकडे पाठ फिरवली होती, ती काचेपलीकडे हातभर अंतरावर उभी होती. मला रडू आवरेना. "माय, आता तूच बघ," एवढंच तोंडून निघालं.

मिरवणूक पुढे सरकली. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्या भाऊंनी वायरी काढल्या आणि ट्रॅक्टरची बॅटरी आमच्या बॅटरीला जोडली. तरीही टक्‌ टक्‌च. काळ्या वायरीचा चिमटा नीट बसत नव्हता, म्हणून त्यांनी तो काढून सरळ इंजिनाच्या लोखंडाला लावला. मी किल्ली फिरवली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली.

तेवढ्यात शेजारून आवाज आला. "अ... अर्थिंग."

मी वळून पाहिलं. हे डाव्या हातानं बॉनेटकडे बोट दाखवत होते. आजारपणानंतरचा यांचा पहिला शब्द.

"नाना काय म्हनी ऱ्हायनात?" भाऊंनी विचारलं.

"अर्थिंग म्हणताहेत," मी सांगितलं.

भाऊंनी वाकून बघितलं. बॅटरीपासून इंजिनाला जाणारी अर्थिंगची वायर वरून धड दिसत होती, पण तिच्यावरचं रबर सोललं तर आत सगळी हिरवी पडून कुजलेली. म्हणूनच चिमटा थेट इंजिनाला लावल्यावर गाडी सुरू झाली होती. त्यांनी जाड वायरीचा एक तुकडा तिथं घट्ट आवळला. लाल दिवा विझला, तो आजतागायत लागलेला नाही.

जळगावला डॉक्टर म्हणाले, वाचा अशीच परत येते, एखाद्या ओळखीच्या शब्दापासून. असेल. मी वाद घालत नाही. पण तो शब्द त्याच जागी, त्याच सकाळी यावा, याबद्दल मी कानबाईची जन्मभर ऋणी आहे. आधी मी मागत असे आणि मिळालं नाही की रुसत असे. आता जे हातात आहे ते करते, उरलेलं तिच्यावर सोपवते. ओझं कमी झालं नाही, ते उचलणारी मी एकटी नाही एवढं कळलं.

परवा जळगावला निघताना विचारलं, "अहो, निघायचं ना?"

"चल," हे म्हणाले. अगदी स्पष्ट.