मागून येणारी शिट्टी

पोशीरचा आबाजी निवृत्त झाला त्याला दोन वर्षं झाली, पण त्याचे पाय काही निवृत्त झाले नाहीत. घाटातल्या रुळांवर तेहेतीस वर्षं गँगमनची नोकरी केलेला माणूस तो. रोज खडी तुडवायची सवय, त्याला खुर्चीत बसवून ठेवायचं म्हणजे शिक्षाच की! म्हणून तो सकाळी पळायला लागला. गावातल्या पोरी पोलीसभरतीसाठी पाटाच्या कडेनं पळतात, त्याच वाटेनं हा साठीचा गडी बनियन आणि हाफ पँटीवर धावायचा. पोरी विचारायच्या, "आबा, तुमची पण भरती हाय का?" आबाजी म्हणायचा, "यमाकडं भरती हाय गं, तिथं वयाची अट नाय."

हसण्यावारी गेलं असतं सगळं, पण मागून शिट्टी यायची. पाट जिथं वळतो तिथं पोचला की एक लांबलचक, कान फाडणारी शिट्टी. ती आली की आबाजीचं अंग विचार करत थांबायचं नाही, उडी मारून थेट वाटेबाहेर. मग वळून बघावं तर मागं कोण? शेताच्या बांधावर एखादा बगळा, बाकी चिटपाखरू नाही. दोनदा निभावलं. तिसऱ्या वेळी पाटाच्या दगडावर पडला आणि डावं मनगट मोडलं.

सहा आठवडे प्लास्टर झालं. सून रिया कर्जतला नोकरी करणारी, डोक्यानं सरळ आणि जिभेनं त्याहून सरळ. ती म्हणाली, "बाबा, आता पळणं बंद. परत पडलात तर तुम्हाला उचलायला मी रजा कुठून आणू?" पळणं बंद म्हटल्यावर आबाजीचं तोंड एवढंसं झालं. पळाला नाही की त्याला झोप लागत नसे, आणि झोप लागली नाही की काय काय आठवतं ते तो कुणाला सांगत नसे. शेवटी शिट्टीचं तेवढं त्यानं सुनेला सांगून टाकलं. रिया हसली नाही. थोडा विचार करून म्हणाली, "मग कानात दुसरं काहीतरी घालू. गाणी वाजत असली तर शिट्टी कुठून शिरेल?"

आता ही शिट्टी कुणाची, हे आबाजीला पक्कं ठाऊक होतं. ती त्याची स्वतःचीच होती.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. लोधिवलीचा संतोष त्याचा जोडीदार, दोघं एका डब्यातून जेवणारे. त्या दिवशी संतोष वाकून पहारीनं खडी ठोकत होता, आणि आबाजी लाल झेंडी नि शिट्टी घेऊन राखणीला उभा होता. वळणावरून इंजिन आलं आणि संतोष गेला. पुढं चौकशी झाली. "मी शिट्टी मारली, साहेब," आबाजी म्हणाला. लांब काम करणाऱ्या चौघांनीही शिट्टी ऐकली होती. मग संतोषला कशी ऐकू आली नाही? तर त्याच्या कानात कापूस निघाला. दोन्ही कान ठणकत होते म्हणून बायकोनं, सोनुबाईनं, सकाळी लसणीचं कोमट तेल घालून वर बोळे बसवले होते. झालं, प्रकरण मिटलं. कुणाला शिक्षा नाही.

सोनुबाई सोडून. सासूनं, भागूबाईनं, त्या दिवसापासून सुनेच्या हातचं पाणी घेतलं नाही. बोळे घालणारे ते हात सोनुबाईनं कायमचे मांडीवर घट्ट धरून बसायची सवय लावून घेतली. आबाजीनं तंबाखू सोडली ती त्याच दिवशी. दोस्ती असावी तर अशी, लोक म्हणाले. दर वर्षी संतोषच्या श्राद्धाला तो लोधिवलीला जायचा, आणि दर वर्षी सोनुबाई एकच विचारायची, "भावजी, शिट्टी किती जोरात मारली होती हो?"

"लय जोरात, वहिनी."

ती मान हलवायची आणि आत जायची.

तर रिया त्याला कर्जतच्या बाजारात घेऊन गेली. दुकानदार देवव्रत, शिकलेला, गोड बोलणारा. आधी त्यानं फोनच दंडाला बांधला. आबाजीनं चार पावलं जागच्या जागी धावून बघितलं आणि म्हणाला, "वीट बांधल्यागत वाटतंय." मग डोक्यावरून बसवायचे मोठे हेडफोन आले. "हे तर डोक्यावर टोपलं!" मग बिनतारी मणी. ते कानात घालून आबाजीनं दुकानातच दोन उड्या मारल्या, तर एक मणी काउंटरखाली गेला आणि देवव्रत गुडघ्यांवर बसून शोधत राहिला. रिया तोंडाला ओढणी लावून हसत होती.

शेवटी काडेपेटीएवढा एक प्लेअर निघाला. मागं चिमटा, बनियनला अडकवला की झालं. वजन म्हणाल तर हातात आहे की नाही कळू नये. बटणं उंचवट्याची, न बघता अंगठ्यानं दाबता येणारी. आबाजीला तो पसंत पडला. त्यानं हळूच विचारलं, "हे कानात घातल्यावर मागचं ऐकू येतं का?"

"काहीच नाही, काका!" देवव्रत अभिमानानं म्हणाला. "बाहेरचं जग बंद."

तेहेतीस वर्षं आबाजीनं थंडीतसुद्धा मफलर कानावरून कधी घेतला नव्हता. रुळावर कान झाकला की माणूस मेला, हे नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवतात. त्यानं प्लेअरच्या वायरीची एक बोंडी कानात घातली आणि दुसरी लोंबती ठेवली. "दोन्ही घाला, बाबा," रिया म्हणाली. "पाटावर काय गाडी येणार आहे?"

रियानं त्यात ढोलकीची, ठेक्याची गाणी भरून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आबाजी दोन्ही कान बंद करून निघाला. पाय ठेक्यात पडू लागले. वळण जवळ आलं तशी त्याची मान आखडली, खांदे वर गेले. वळण आलं, वळण गेलं. शिट्टी आली नाही. चांगली शंभर पावलं पुढं गेल्यावर त्याला हे कळलं, आणि आनंद व्हायचा सोडून त्याच्या तोंडात तंबाखूची चव आली.

एकोणीस वर्षांत तोंडाला न लावलेली तंबाखू. गालात भरलेली, चुना लागलेली, कडक. आबाजी थांबला. आणि त्या शिट्टी नसलेल्या जागेत त्याला सगळं लख्ख दिसलं. इंजिन वळणावर दिसलं तेव्हा गाल भरलेला होता. भरल्या तोंडानं शिट्टी वाजत नाही. त्यानं आधी थुंकली, तोंड पुसलं, मग शिट्टी ओठाला लावली. चौघांनी ऐकली ती शिट्टी इंजिन गेल्यानंतरची होती.

आजवर तो स्वतःची समजूत घालत आला होता, की अजून ऐकू येते म्हणजे मारली होतीच की! भीती वाटायची तिची, पण तिच्याच आधारानं तो जगत होता. आता तो आधारही गेला. आबाजी पाटाच्या कडेला बसून हमसून हमसून रडला. पळत आलेल्या पोरींनी विचारलं, "आबा, लागलं का?" तो नाही म्हणाला.

श्राद्धाला अजून चार महिने होते. आबाजी त्याच दिवशी एसटीनं चौक गावाला उतरला आणि लोधिवलीपर्यंत चालत गेला. सोनुबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. त्याला अवेळी बघून ती उठायला लागली.

"बसा, वहिनी. शिट्टी मी मारली, पन मागनं. इंजान गेल्यावर. माज्या तोंडात तंबाखू व्हती. कापूस नसता तरी त्याला काय ऐकू आलं नसतं. ऐकायला कायच नव्हतं."

सोनुबाईनं सूप बाजूला ठेवलं. मग आपले दोन्ही हात पालथे करून, परत उताणे करून बघितले.

"सासूबाई दिवाळीत गेल्या," ती म्हणाली. "शेवटाला घसा कोरडा पडला तरी माज्या हातचा घोट नाय घेतला. शेजारनीला बोलवावं लागलं."

आबाजीनं तिच्या पायाशी डोकं टेकलं. तिनं पाय मागं घेतले.

"येतो, वहिनी," तो कसाबसा उठत म्हणाला.

"कुठं चाललाव? बसा तितं." तिनं पदराच्या गाठीतला फोन काढला, मुलाला लावला. "स्वप्नील, काम टाक नि घरी ये. आबाजीकाका आलेत. तुला कायतरी सांगायचंय त्यांना." फोन ठेवून तिनं परत सूप ओढलं. "त्याला यायला अर्धा तास लागंल," ती म्हणाली. "मला सांगितलंत तसंच सांगा. एक शब्द कमी नाय."

आबाजी ओट्याच्या पायरीवर बसला आणि रस्त्याकडे बघत राहिला.