फेझमध्ये म्हटलेलं ‘येतो’

दिगंबरकाकांना मोरोक्कोबद्दल विचारू नये, हे अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळींना एव्हाना कळून चुकलं होतं. रेणू गावात नवीन, तिने विचारलं. रविवारी दुपारी तिच्याकडे बरीच माणसं जेवायला जमली होती आणि स्प्रिंग ब्रेकला मुलांना कुठे न्यावं हे तिचं ठरत नव्हतं.

"काका, मोरोक्को वर्थ आहे का? प्रोज-कॉन्स सांगा ना."

काकांनी हातातली प्लेट खाली ठेवली. जन्मभर गाड्यांचे ब्रेक तपासून रिटायर झालेला माणूस, विषय धरला की सोडायचा नाही. ऊन झकास, हॉटेलं युरोपपेक्षा स्वस्त, माणसं अगत्याची, आणि संत्री अशी की इथली पुन्हा तोंडात घालवत नाहीत. पण बाजारात घासाघीस करून जीव मेटाकुटीला येतो, रस्ता दाखवायला लोक हात धुऊन मागे लागतात, आणि भाज्यांचा कुसकुस मागवला तरी रस्सा मटणाचा निघतो! रेणूने थोडा वेळ मान डोलावली, मग ती पुऱ्या तळायला आत गेली. उरलेलं काकांनी शेजारी बसलेल्या ओजसला सांगायला घेतलं. इथेच जन्मलेला तो इंजिनिअर "नाइस, काका" म्हणाला आणि फोनमध्ये शिरला.

खरं सांगायचं ते राहूनच गेलं. ते त्यांनी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

बायको शोभा गेल्यावर मुलानेच त्यांना त्या ट्रिपवर धाडलं होतं. हा राजस दूर, टेक्सासातल्या फ्रिस्कोला असतो. "बाबा, यू नीड अ चेंज," म्हणाला, स्वतःचं तिकीट मात्र काढलं नाही. तिथल्या फेझ शहराच्या एका गल्लीत हमीद नावाच्या म्हाताऱ्याच्या टपरीवर काकांनी पुदिन्याचा चहा घेतला, मोडक्यातोडक्या इंग्रजीत गप्पा मारल्या आणि उठताना सवयीने म्हणाले, "ओके, आय कम." निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे लहानपणापासून जिभेला लागलेलं वळण. पण ते हमीदला काय ठाऊक! काका दुसऱ्या दिवशी वाळवंट बघायला निघून गेले. काही दिवसांनी फेझला परतल्यावर सहज त्या गल्लीत शिरले, तर म्हातारा तरातरा बाहेर आला.

"यू सेड यू कम! आय मेक टी. आय वेट."

रोज दोन ग्लास भरून ठेवत होता म्हणे.

काकांनी माफी मागितली, चहा घेतला आणि हॉटेलवर जाऊन एकटेच रडले. शोभा गेल्यापासून त्यांची वाट कुणी पाहिली नव्हती. मोरोक्कोत सगळ्यात चांगलं काय, तर हे. आणि वाईट काय, तर ते तिकडे, साता समुद्रापार.

दुपार कलली, मंडळी उठू लागली, तसा काकांनीही कोट चढवला.

"येतो गं, रेणू."

"या हं, काका!" कुणाचा तरी डबा भरता भरता ती म्हणाली.

इतकी वर्षं, कितीतरी घरांतून, हे ‘या’ ऐकून ते मुकाट्याने गाडीत बसत आले होते. आज पाय निघेना.

"कधी येऊ?" त्यांनी विचारलं.

रेणूने वर पाहिलं. काका थट्टा करताहेत असं वाटून ती खळखळून हसली. "तुम्ही पण ना, काका!"

काकाही हसले. मग दाराशी बूट घालायला खाली वाकले, आणि बराच वेळ लेसच बांधत राहिले.