मामांची बेरीज

जगातल्या यच्चयावत माणसांचे माझ्या थोरल्या मामांनी दोनच भाग केले होते: पटावरची आणि पटाबाहेरची. सोलापुरातल्या सरकारी शाळांचे आकडे गोळा करणाऱ्या एका कचेरीत ते कारकून होते. कुठल्या शाळेत मुलं किती, त्यांची मातृभाषा काय, पास किती, नापास किती, मध्येच शाळा सोडून गळाली किती, हे सगळं त्यांच्या टाकाखालून जायचं. कचेरी संध्याकाळी सुटायची, मामा मात्र सुटायचे नाहीत. गड्ड्याच्या जत्रेत आम्ही भाचरं आकाशपाळण्यासाठी रांगेत उभी असायचो, तर हे रांगेच्या कडेने 'सहा ते अकरा' आणि 'अकरा ते चौदा' अशी वयोगटवार मोजणी करत फिरायचे. आमचा नंबर येईपर्यंत तक्ता तयार. मग पाळणेवाल्याला गंभीरपणे सांगायचे, "तुज्याकडं मुलींचं प्रमाण कमी पडतंय की." तो बिचारा ओशाळून दोन मुलींना फुकट बसवायचा.

घरातही तेच. माझा धाकटा भाऊ इंग्रजीत नापास झाला तेव्हा मामा रागावले नाहीत. "आपल्या घराण्याचा निकाल तू एकट्यानं खाली आणलास," एवढंच म्हणाले आणि घराण्याचा निकाल पुन्हा वर काढू शकतील अशा भावंडांची यादी त्याच्यापुढे ठेवली. त्यात त्याचं नाव नव्हतं. मामी एकदा भांडून बार्शीला माहेरी निघाली. दारात वळून म्हणाली, "मी चालले. लिवा आता गळतीत." मामांनी खरोखर लिहिलं. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' असं घातलं. चौथ्या दिवशी मामी परत आली, तर त्यांनी आधी तिच्या हातातली पिशवी घेतली, पाण्याचा तांब्या दिला आणि मगच 'पुनर्प्रवेश' ही नोंद केली. ते चार दिवस ते शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर राहिले होते, हे मात्र कुठे नोंदलं नाही.

मामांचा एक नियम होता, डोकं एकदाच मोजायचं. माझ्या लग्नात आचारी पानांचा आकडा सांगायला आला, तर मामा भर मांडवात उभे राहिले. "पानं उठली असतील, पर माणसं तेवढी न्हाईत. नवऱ्याचे काका दोन्ही पंगतींना हायत. डोकं एकदाच मोजायचं असतंय." माझ्या संसाराची सुरुवात ही अशी झाली. ते काका पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडे पाणीसुद्धा मोजून प्यायचे. आणि मामा? चहाचा कप हातात आला की कुणालाही ऐकवायचे, "माज्या अख्ख्या नोकरीत एक आकडा खोटा न्हाय." एवढ्या माणसांना त्यांनी हे ऐकवलं होतं की ते वाक्य आम्हाला पाठ झालं होतं.

दुष्काळाच्या सालात मी शहराच्या टोकाला, हातमागवाल्यांच्या वस्तीतल्या एका दोन खोल्यांच्या शाळेत शिकवत होते. वस्तीतली बरीच कुटुंबं खडी फोडायच्या कामावर गेली आणि पट उतरला. तेवढ्यात फर्मान आलं: मोजणीच्या दिवशी चाळीस मुलं भरली नाहीत तर शाळा बंद, मुलांना रेल्वे रुळापलीकडच्या शाळेत घालायचं. बायका माझ्याकडे आल्या आणि सरळच म्हणाल्या, "आमच्या पोरी रुळापलीकडं न्हाय जायच्या बाई. त्यापरीस विड्या वळायला बसवू की." आणि त्या तसं करणाऱ्याच होत्या. माझ्या निम्म्या वर्गाच्या हातात पाटीऐवजी तंबाखूचं सूप येणार होतं. आणि मोजायला कोण आलं? मामा.

मी जवळजवळ रडतच चहा पुढे केला. "मोजणीच्या दिवशी नातं न्हाय," असं म्हणून त्यांनी कप बाजूला सारला आणि मला 'बाई' म्हणून हाक मारली. मी सकाळपासून मुलं चारदा मोजली होती. अडतीस. मामांच्या तक्त्यात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू असे चार रकाने होते आणि खाली बेरीज. एकेक मूल पुढे यायचं, भाषा सांगायचं, मामा रकान्यात रेघ मारायचे. शेवटी दोघी बहिणी राहिल्या. थोरली म्हणाली, "अम्माशी तेलुगू बोलते." मामांनी तेलुगूत रेघ मारली. "आन् अप्पाशी कन्नड."

"मातृभाषा एकच लिवायची असती, पोरी."

"मग अम्माची लिवा." ती विचारात पडली. "पर अप्पाला कळलं तर अप्पा रडंल की."

मामांचा टाक अधांतरी थांबला. मग त्यांनी कन्नडच्या रकान्यातही एक रेघ मारली. धाकटीला विचारलं, तर ती म्हणाली, "माजं बी अक्कासारखंच." तिच्याही दोन रेघा झाल्या. खाली बेरीज चाळीस. "मामा," मी हळूच म्हणाले.

"तीनदा तपासलीय," ते वर न बघता म्हणाले. "बेरीज बरोबर हाय." मग गार झालेला चहा त्यांनी एका घोटात संपवला, सायकल काढली आणि गेले.

शाळा राहिली. पाऊसपाणी झालं, माणसं परतली आणि पुढच्या वर्षी पट कुणाच्याही मदतीशिवाय भरला. पण त्या दिवसानंतर मामांच्या तोंडून ते पाठ झालेलं वाक्य कुणी ऐकलं नाही. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात हार घालून त्यांना बोलायला उभं केलं. मी आणि मामी पहिल्या रांगेत होतो, आणि ते वाक्य आता येणार म्हणून आम्ही एकमेकींकडे बघून हसूही लागलो होतो. मामा खोकले. "माज्या नोकरीतले आकडे," ते म्हणाले आणि त्यांना मी दिसले. "बहुतेक बरोबर हुते." आणि खाली बसले.

आता मामा नाहीत. त्यांचे हजारो खरे आकडे कुठल्या कपाटात वाळवी खाते आहे कोण जाणे, मला त्यातला एकही आठवत नाही. तो एक 'बहुतेक' मात्र मी जपून ठेवला आहे. एवढ्या हट्टी माणसाने दोन पोरींसाठी तो शब्द तोंडातून काढला, याचं मला अजून रडू येतं.