साळूबाईचं भिताड

आमच्या सोप्याचं भिताड म्हंजे मेलेल्यांची चावडी हुती. घरातलं कुणी गेलं की माझी सासू साळूबाई त्येची येक चीज जपायची, वडूजच्या बाजारात नेऊन काच बसवून आणायची आन् खिळ्याला टांगायची. मामंजी पयल्या लढाईत हुतं, त्येंचा बिल्ला. नणंद चंपा तापानं गेली, तिचा मण्यांचा पोपट. त्यो येका डोळ्याचा, कारण दुसरा डोळा बसवायच्या आदी ती गेली. सर्जा बैलाचं बेंदराचं बाशिंगसुदा काचंत हुतं. जित्याचं मातुर तितं काय चालायचं न्हाई. माझं मालक लालासाहेब पलटणीत. रजेवर आलं तवा साताऱ्याला जाऊन वर्दीतला फोटू काढला. मी टांगाय गेले, तर सासूनं, आत्याबाईनं, हातातनं वडून घेतला. "भिताडावर चढवायची लय घाई हाय का गं त्येला?" म्हणाली. फोटू ट्रंकंत गेला.

म्हणून सांगते, चव्वेचाळीस साली बेंदूर झाल्यावर म्हातारी बाजारातनं गोधडीत कायतरी गुंडाळून घेऊन आली, मामंजीच्या बिल्ल्याशेजारी खिळा ठोकला आन् मालकांचा फोटू टांगला, तवा मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून सोप्यात धावले. मालक इटलीत लढाईवर. पाडव्यापासनं पत्र न्हाई.

"आवं आत्याबाई, ह्यो कशाला हितं?"

"ट्रंकंत कसर लागती."

कसर. इतकं दिस लागली न्हाई, आन् आत्ताच लागाय लागली व्हय? पर तोंडावर कोण बोलणार. सासू हुती ती, आन् जिभंला धार.

त्या दिसापासनं मी तिच्यावर पाळत ठेवली. खोटं कशाला बोलू, सुनंचं काम सोडून मी फौजदाराचं काम धरलं. हार घालती का बघायची. घातला न्हाई. पर सकाळी लवकर उठून पदरानं काच पुसायची, आन् मी फडकं घेऊन गेले की, "तू नगं हात लावू," म्हणायची. म्हाळाच्या दिवशी मी पितरांची पानं मोजली. मामंजीचं येक, चंपाचं येक. दोनच. माझा जीव भांड्यात पडला. मग बघते तर मामंजीच्या पानावर गूळ-शेंगदाण्याची पोळी. मामंजीला दात नव्हतं, शेंगदाणा चालायचा न्हाई. त्यो कुणाला लागायचा, ते मला म्हाईत हुतं. मी रातभर कूस बदलत हुते, आन् सकाळी म्हातारी माझ्या केसाला तेल लावाय बसली. लगीन झाल्यापासनं कवा लावलं न्हवतं. आता का लाड, म्हणून मला आणकी संशव.

वाटायचं, हिला काय तरी कळलंय. कळलंय आन् मला सांगत न्हाई. का? मी म्हायेरला निघून जाईन, हिच्या रानात राबाय कोण न्हाई उरणार, म्हणून. आसंच आसणार. इतकी मी कडू झाले हुते की ती वाढायची ती भाकरी बी मला गोड लागंना.

संक्रातीला शेजारच्या अंबूबाईकडं हळदी-कुंकवाला गेले. समद्या बायकांच्या कपाळाला लावत ती माझ्यापाशी आली आन् तिचा हात थांबला. लय न्हाई, येवढासाच. मग लावलं, पर माझ्या डोळ्याकडं न बघता. गावानं आमचं भिताड कवाच वाचलं हुतं.

तिथनं निघाले ती सरळ कोंडीबा टपालवाल्याला गाठलं. "आमचं पत्र का येत न्हाई? खरं सांग."

"आगं वयनी, आलं की. आखाडात आलं. तुज्या सासूच्या हातात दिलंय, बांधावर. तिनं कनवटीला लावलं."

दुसऱ्या दिवशी म्हातारी वैरणीला रानात गेली तशी मी फोटू उतरवला. मागं खाकी कागद चिकटवलेला, मधी फुगलेला. विळीनं कागद फाडला. आत लष्करी शिक्क्याचं पाकीट, वर पत्ता परक्या हातचा. न फोडलेलं. आन् त्येचा वरचा कोपरा फाटलेला.

आमच्याकडं कोपरा फाटलेलं पत्र म्हंजे माणूस गेल्याचं पत्र. ते उंबऱ्याच्या आत आणत न्हाईत. भायेरच वाचायचं, भायेरच फाडून टाकायचं आन् आंगूळ करून घरात यायचं. मी पाकीट घेऊन उंबऱ्याभायेर जाऊन बसले. चार यत्ता शिकले हुते, पर हात पाकिटाला चालंना.

तेवढ्यात म्हातारी आली. डोक्यावर वैरणीचा भारा. मला बघितलं आन् भारा तसाच टाकला.

"फोडू नगं, रंगू."

"तुमी सा म्हैनं मला अंधारात ठेवलं," मी म्हणाले. "माझा नवरा हाय त्यो. माझ्यापासनं का लपवलं?"

ती माझ्यासमोर मातीत बसली. "मला वाचाय येत न्हाई ते बरं झालं. न वाचलेलं पत्र खरं नसतंय. कुणाला दाखवलं आसतं तर त्याच दिवशी तुजं कुंकू पुसलं आसतं, बांगड्या फोडल्या आसत्या. मी त्यातनं गेलेय. तुजं वय ते काय. म्हणलं, हिच्या कपाळाला जितकं दिवस ऱ्हाईल तितकं ऱ्हाऊ दे. रडायचं ते मी रडते."

फाडून का टाकलं न्हाई, म्हणून इचारलं.

"माझ्या लेकाचं हाय ते. कसं फाडू? ट्रंकंत कुणाच्या बी हाताला लागलं आसतं. त्येच्या मागंच ठेवलं."

फौजदारीन गार झाली. त्या तेलाचा अर्थ मला तवा लागला, आन् माझीच मला लाज वाटली. तरी मी पाकीट फोडलं. न फोडून आता जगता आलं नसतं.

आत मालकांचं आक्षर हुतं. आखाडातलं. "उजवा पाय गुडघ्याखाली काढला. पुण्याच्या मिलिटरी दवाखान्यात आणून टाकलंय. लंगडा माणूस घरात चालत आसंल तर दोन वळी टाका, मी येतो. उत्तर न्हाई आलं तर समजून जाईन. पुन्हा लिहिणार न्हाई."

मी मोठ्यानं वाचलं. दोनदा वाचलं. म्हातारी मातीतच बसून ऱ्हायली. पाकिटाचा कोपरा टपालाच्या थैलीत फाटला का आणकी कुटं, देवाला ठावं. आमी दोघी त्या फाटक्या कोपऱ्याला भिऊन सा म्हैनं येकमेकीला राखत बसलो, आन् त्यो तिकडं रोज वाट बघत हुता.

तिसऱ्या दिवशी पुण्याला पोचलो. दवाखान्याच्या मागं पाय गेलेल्या शिपायांना शिवणकाम शिकवत. मालक मिशनीवर बसलेलं. मला बघितलं, आईला बघितलं आन् परत सुईकडं बघाय लागलं. "सवड झाली व्हय," म्हणालं.

म्हातारीनं सारा प्रवास गोधडीत गुंडाळून मांडीवर धरलेला फोटू काढला. मागचा फाटका कागद दाखवला. मालकांच्या हातात पाकीट दिलं.

"कोपरा फाटला हुता रं, लाला."

येवढंच म्हणाली. दुसऱ्या मुलखातल्या माणसाला ह्याचा काय अर्थ लागला नसता. मालकांनी कोपऱ्यावर अंगठा ठेवला, मग आईच्या पदरात तोंड घालून ल्हान पोरागत रडलं.

फोटू परत ट्रंकंत गेला. खिळा तसाच ऱ्हायला.

एकोणपन्नास साली आत्याबाई गेली. तिनं जन्मात फोटू काढून घेतला न्हाई, आन् चीज म्हणावी तर आंगावर येक लुगडं. भिताडावर काय टांगायचं म्हणून मालक इचारत हुतं. मी बाजारात जाऊन ते पाकीट काचंत बसवून आणलं आन् त्याच खिळ्याला लावलं, मामंजीच्या बिल्ल्याशेजारी.

पावणी येत्यात, म्हणत्यात, "आगं, फाटकं पाकीट काय टांगलंस?"

मी सांगते, ती माझी सासू हाय.