मशीनपुढं माणसाचा आवाज

"थांबा. ऐकू द्या."

एवढं म्हणून मामा उजव्या हाताचा पंजा समोर धरायचे आणि धाराशिवच्या आमच्या धावपट्टीवर सगळ्यांना गप्प बसावं लागायचं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांपुढंही त्यांनी असाच पंजा धरला. साहेब वाक्याच्या मध्येच थांबले. मामा कान देऊन म्हणाले, "पान्याच्या मोटारीचं बेरिंग जायला लागलंय." साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तिसऱ्या दिवशी मोटार बंद पडली.

धावपट्टी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं काचेच्या भिंती आल्या असतील, तर त्या पुसून टाका. माळावरची एक डांबरी पट्टी, पत्र्याची शेड, विमान चालवायला शिकवणारी एक लहानशी संस्था आणि पट्टीवर खुशाल झोपणारी कुत्री. ही कुत्री हाकलणं, आणि विमान सुरू होताना आग विझवायची बाटली घेऊन पुढं उभं राहणं, ही मामांची कामं. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. मी तिथं रेडिओ आणि हेडसेट दुरुस्त करते. तुळजापूरहून रोज एसटीनं जाते. मला सगळे मॅडम म्हणतात, मामा मात्र पहिल्या दिवसापासून 'माय' म्हणायचे. वाटेल त्याला ते तसं म्हणत नसत, एवढं मला लवकरच कळलं होतं आणि त्याचा मला जरा तोराही होता.

त्यांचं दुसरं पेटंट वाक्य होतं, "मशीनपुढं मानसाचा आवाज टिकत न्हाय." इंजिन सुरू असताना पोरं लांबून ओरडून काही सांगायला लागली की मामा कानाकडं बोट करून हे वाक्य ऐकवायचे. पोरांना तोंड पाहूनच कळायचं. मीही एकदा चिडवलं, "मामा, मामींची हाकही ऐकू येत नाही म्हणे तुम्हाला. घरात कुठलं मशीन असतं हो?"

मामा हसले नाहीत. माझ्या टेबलापाशी जमिनीवरच बसले आणि भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात बोलायला लागले.

त्यांचं गाव सास्तूरच्या बाजूचं. पहाटे भूकंप झाला तेव्हा मामा ट्रॅक्टर घेऊन रानात होते, मामी परड्यात गेल्या होत्या. घरात चार वर्षांची मुलगी होती. माळवदाचं घर, दगडमातीच्या हातभर जाड भिंती, सगळं तिच्यावर आलं. उजाडल्यावर मामा साखळ्या लावून ट्रॅक्टरनं तुळया ओढत होते. मामी ढिगावर उभ्या होत्या. त्यांनी पंजा दाखवला. थांबा, ऐकू द्या, पोरगी हाका मारतीय.

"म्या मशीन बंद केलं. समद्यांनी कान लावला. काय बी न्हाय. फिरून चालू केलं की हिचा फिरून हात वर. असं तीनदा झालं, माय. चौथ्यांदा म्या बंदच केलं न्हाय. पलीकडच्या घरात मानसं जित्ती व्हती, त्यांचे आवाज समद्यांना येत व्हते. तिकडं ट्रॅक्टर नेला."

मुलगी दुसऱ्या दिवशी सापडली. कशी, ते त्यांनी सांगितलं नाही.

"आता तूच सांग. तू आवाजाचं शिकलीस. एवढ्या मशीनपुढं हिला कसं ऐकू येईल? भासच व्हता न्हवं?"

"भासच असणार, मामा," मी म्हणाले. तज्ज्ञ म्हणून म्हणाले, आणि खरंही होतं ते. मामा उठून कुत्री हाकलायला गेले.

पावसाळा संपता संपता संस्थेत नवे हेडसेट आले. जुने म्हणजे डोक्याला चिमटा, तासाभरात कानशिलं ठणकायची. नव्यांत बॅटरी होती. इंजिनाची घरघर आत शिरली की हा हेडसेट तिच्या बरोब्बर उलटी घरघर आतून सोडतो आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. काट्यानं काटा काढायचा. मी मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "आन् मानसाचा आवाज?"

"तो राहतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की ऱ्हातो?" तिसऱ्या दिवशीही. मला वाटलं, म्हाताऱ्याला गंमत वाटतेय. दाखवू या.

चार सीटच्या विमानाचं इंजिन जमिनीवरच चालवून बघायचं होतं. पुढं इंजिनिअर बसले, मागं मी आणि मामा. हेडसेट मीच त्यांच्या डोक्यावर नीट बसवला, माझाही चढवला. इंजिन पूर्ण जोरात गेलं, विमान थरथरायला लागलं, तेव्हा मी त्यांच्या कानावरचं बटण दाबलं. घरघर खाली बसली. आणि मी, फुशारकी मारायची म्हणून, मोठ्यानं बोलायचं सोडून अगदी पुटपुटले, "मामा, ऐकू येतंय का?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं. हेडसेट काढला. नुसतं इंजिन. परत घातला. "फिरून बोल," म्हणाले.

"ऐकू येतंय का?"

"फिरून."

मी तिसऱ्यांदा बोलले. "व्हता," ते म्हणाले. "आवाज मशीनच्या आतच व्हता." मग त्यांनी उजवा पंजा वर धरला, पुढं बसलेल्या इंजिनिअरकडं. इंजिनिअरची पाठ होती, त्यांना काय दिसणार? मी त्यांच्या खांद्यावर हात मारून इंजिन बंद करायला लावू शकले असते. पण मी मामांकडंच बघत राहिले. इंजिन चालू, आणि हात वर.

दुसऱ्या दिवसापासून मामा आले नाहीत. खोली सोडून ते गावी गेले, एवढं कळलं.

आठवड्यानं मामी आल्या. मामांचं पिवळं जाकीट घडी करून आणलं होतं. ते टेबलावर ठेवून म्हणाल्या, "काय लावलंस गं माय त्यांच्या कानाला?"

मी काहीतरी सांगायला लागले. त्यांनी ऐकलं नाही.

"तीस वरसं मला येडी म्हनले. भास झाला तुला, म्हनायचे. म्या बी व्हय म्हनत गेले. म्या येडी, म्हंजी लेकरू झोपंतच गेलं, असं व्हतं ना ते. आता सारखं पाया पडत्यात माझ्या. म्हनत्यात, तुझंच खरं, ती हाका मारत व्हती." त्या उठल्या. "मला येडीच ऱ्हाऊ द्यायचं व्हतं, माय."

त्या गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. तार. मामांना मी तारेचं सांगितलंच नव्हतं. माझा आवाज घरघरीतून वाट काढत त्यांच्यापर्यंत गेला नव्हता. माझ्या तोंडापुढचा माइक, माइकची तार, तारेतून त्यांच्या कानात. शिकाऊ पोरालाही मी हे पहिल्या दिवशी सांगते. मामांपुढं जादू दाखवायच्या नादात विसरले. माझ्या अकलेचे किती वाभाडे काढू?

रविवारी मी एक जुनी तार पिशवीत टाकली आणि एसटीनं गेले. मामी भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात होत्या, त्यांनी जुन्या गावाकडं हात केला. तिथं आता दगडांचे ढीग आणि बाभळी आहेत. एका ढिगावर मामा बसले होते.

मी तार त्यांच्या हातात दिली. परीक्षेत सांगावं तसं सगळं सांगितलं. यंत्रानं फक्त घरघर खाल्ली, माझा आवाज तारेनं आला, तार नसती तर काही ऐकू आलं नसतं. "तुमचंच खरं होतं मामा. मशीनपुढं माणसाचा आवाज टिकत नाही. मामींना भासच झाला होता."

मामांनी तार या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांनी चाचपली. नीट गुंडाळून मला परत दिली.

"लेकराच्या मायला तार लागती व्हय?"

मी तार पिशवीत टाकली.

तेवढ्यात पाणंदीतून एक ट्रॅक्टर आला. मामा उठून उभे राहिले आणि त्यांनी पंजा वर धरला. ट्रॅक्टरवाल्याला सवय असावी. त्यानं मुकाट्यानं इंजिन बंद केलं आणि वाट बघत बसला. मीही कान दिला. बराच वेळ गेला. ट्रॅक्टरवाल्यानं माझ्याकडं पाहिलं, मी मामांकडं. हात खाली आला नाही.