कुलदीपच्या अंगाखालचं कापड

रुखमाच्या घरी कापड कधी फेकलं जात नसे. लुगडं विरलं की त्याची गोधडी व्हायची, गोधडी फाटली की पायपुसणं, आणि त्याच्याही चिंध्या झाल्या की चुलीवरचं भांडं उतरवायचं फडकं. वर्धा नदीकाठच्या त्या ढिवरांच्या वस्तीत बाया तिला हसायच्या. पण नवरा काविळीनं गेल्यापासून मासे विकून तिनं घर असंच ओढलं होतं.

मुलगा कुलदीप घुग्घुसला कोळशाच्या ट्रकांवर ताडपत्री बांधायला जायचा. चैतात तो ट्रकवरून पाठीवर पडला आणि त्याच्या कंबरेखाली जीव उरला नाही. चंद्रपूरच्या दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी रुखमाला बजावलं, "अंगाखाली ओलं राहू देऊ नका. कातडी सोलून निघते."

कुलदीपला लघवी कळत नसे, संडासही कळत नसे. रुखमा कापड बदलायची, धुवायची, पुन्हा घालायची. पावसाळा लागला तसं काही वाळेना. चुलीच्या धगीवर धरून धरून फडक्यांना धुराचा वास लागला. तिनं गोधड्या उसवल्या, मग स्वतःची लुगडी फाडली, मग दाराचा पडदा. शेवटी ती वस्तीत फिरली.

"जुनेरं असंन तं द्या वो, बाई. पोराच्या खाली घालाले पायजे."

शेजारच्या भागीरथाबाईनं एक लुगडं दिलं. बाकीच्या म्हणाल्या, "आत्ताच भांडेवालीले देऊन टाकले, रुखमाबाई."

पेटीत एकच जोडी शिल्लक होती. कुलदीपची सोयरीक राजुऱ्याकडे जुळली होती, तेव्हा घेतलेला निळा शर्ट आणि पँट. तो पडला आणि सोयरीक मोडली. रुखमानं शर्ट काढला, मांडीवर घेतला, आणि तशीच बसून राहिली.

"काऊन थांबली, माय?" खाटेवरून कुलदीपनं विचारलं.

"हा राहू दे. दुसरं पाहतो मी."

"कुठी हाये दुसरं? आन इकडं."

त्यानं शर्टाची शिवण दातांत धरली आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडली. मग एकेक बटण तोडून तिच्या हातावर ठेवलं. "हे खाली राह्यले तं जखम होईन," तो म्हणाला आणि त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

जखमा व्हायच्या त्या झाल्याच. पूस महिन्यात ताप चढला आणि कुलदीप गेला.

सोयरेधायरे जमले. रीतीप्रमाणे जो तो नवं कापड घेऊन आला आणि मढ्यावर पसरू लागला. कोरं, पांढरं, खळीनं कडक. थरावर थर चढले. रुखमा कोपऱ्यातून उठली आणि एक कापड चिमटीत धरून म्हणाली, "एवढं कापड होतं तुमच्यापाशी?"

दिराच्या सुनेनं तिला धरून खाली बसवलं.

चिता रचताना ती कापडं काढून नदीच्या रेतीत टाकली. रुखमा राख सावडायला गेली तेव्हा ती कापडं तिथंच पडली होती. तिनं ती गोळा केली, नदीत खळखळून धुतली.

"मढ्यावरचं घरी नेत नाईत, बाई!" भागीरथा घाबरून म्हणाली.

"मले माईत हाये," रुखमा म्हणाली आणि पिळा डोक्यावर घेऊन चालू लागली.

गल्लीतली बुधरीबाई लकवा होऊन खाटेला खिळली होती. रुखमानं कापडं वाळवून, घड्या घालून तिच्या दारी नेली. बुधरीच्या सुनेनं उंबऱ्यावरूनच हात जोडले. रुखमा कापडं घेऊन परतली. थंडी फार होती. तिनं ते सगळं खाटेवर अंथरलं आणि त्यावर झोपली.